रक्ताची साक्ष आणि बेटीबंदीची भिंत

२५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहाच्या वेळी इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला. त्यात धारातीर्थी पडलेल्या आठ हुतात्म्यांची नावे रायगड जिल्ह्यात आजही आदराने घेतली जातात. त्या नावांत पाटील, म्हात्रे, घरत आहेत, कोळी आहे, न्हावी आहे आणि नाग्या महादू कातकरीही आहे. अक्कादेवीच्या रानात त्या दिवशी सांडलेले रक्त कोणाचे श्रेष्ठ आणि कोणाचे कनिष्ठ, कोणाचे मूळचे आणि कोणाचे बाहेरचे, असा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारणे शक्यही नव्हते. स्वातंत्र्याच्या वेदीवर ते एकरूप झाले होते.

मात्र वेदीवरून घरी परतताच तोच प्रश्न आपल्या समाजाच्या उंबरठ्यावर उभा राहतो. कातकरी, ठाकर, महादेव कोळी हे वनवासी बांधव कोण? ते या समाजाचे रक्ताचे नातेवाईक आहेत की या भूमीवर आधीपासून राहणारा एखादा निराळाच मानववंश? इंग्रज अमदानीपासून या प्रश्नाचे उत्तर भेदनीतीच्या सोयीने दिले गेले. आज जनुकशास्त्राने त्याचे उत्तर पुष्कळ अंशी प्रयोगशाळेत शोधून काढले आहे. ते उत्तर समाजात फूट पाडू पाहणाऱ्यांना अडचणीचे आहे, हे खरे. परंतु एकात्मतेचा उच्चार करणाऱ्यांनाही ते कमी अडचणीचे नाही, आणि त्याचा विचार व्हायला हवा तो याच अंगाने.

नाक मोजण्याचे शास्त्र

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी भारतीय माणसांची नाके मोजली आणि त्या मापांवरून समाजाची वंशवार विभागणी मांडली. महाराष्ट्रातील ब्राह्मण आणि कुणबी यांच्यासाठी त्यांनी ‘सिथो-द्रविड’ नावाचा एक स्वतंत्र वंशच कल्पिला. नाकाची रुंदी जितकी अधिक तितका सामाजिक दर्जा खालचा, असे हे अजब शास्त्र होते. त्यातून डोंगरातला माणूस एका वंशाचा आणि गावातला दुसऱ्या वंशाचा, ही कल्पना सरकारी कागदांत आणि तेथून शाळेच्या पुस्तकांत शिरली.

या कल्पनेला पहिला शास्त्रीय छेद महाराष्ट्रातील विद्वानांनीच दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी संकलित केलेली मापेच पुढे ठेवली आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे वंशाने भिन्न नाहीत, असा निष्कर्ष काढला. अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही, ते समाजाच्या व्यवहारात आहे, हे त्यांचे प्रतिपादन होते. मालवणचे सुपुत्र असलेल्या घुर्ये यांनी त्याआधी १९४३ साली आदिवासी म्हणवल्या जाणाऱ्या समाजांवरील आपल्या ग्रंथात हे समाज हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक असल्याचे मांडले होते. डॉ. इरावती कर्वे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून महाराष्ट्रातील जातीजमातींची शारीरिक मापे घेतली. पुढे कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची तुलना करून १९६८ साली दाखवून दिले की, एकाच दर्जाचे आणि एकाच वर्णनामाचे हे गटसुद्धा परस्परांहून भिन्न आहेत. एका मूळ जातीचे तुकडे होऊन सगळ्या पोटजाती निर्माण झाल्या, हे सोपे चित्र त्यामुळे डळमळीत झाले.

ही सारी माणसे फूटपट्टी आणि कंपास घेऊन काम करीत होती. आज हाती डीएनए आहे. म्हणून त्यांच्या प्रश्नाकडे नव्याने पाहता येते.

पेशीच्या आतील वंशावळ

हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे डॉ. लालजी सिंग आणि डॉ. कुमारसामी थंगराज यांनी हार्वर्ड येथील डेव्हिड राइश यांच्यासमवेत केलेले संशोधन २००९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. देशातील २५ गटांतील १३२ व्यक्तींच्या जनुकांचा त्यात अभ्यास होता. भारताच्या मुख्य भूमीवरील जवळजवळ सर्व गट हे दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून घडलेले आहेत, असे त्यात आढळले. त्यांना संशोधकांनी ‘पूर्वज उत्तर भारतीय’ आणि ‘पूर्वज दक्षिण भारतीय’ अशी नावे दिली. पहिल्याचा वाटा बहुतेक गटांत ३९ ते ७१ टक्क्यांच्या दरम्यान भरला. प्रमाण कमीअधिक, पण दोन्ही प्रवाह जातीतही आणि जमातीतही. निखळ असा गट मुख्य भूमीवर सापडला नाही. दुसऱ्या प्रवाहाशी संबंधित आणि पहिल्याचा अंश नसलेले लोक आढळले ते दूर अंदमानातील ओंगे.

चार वर्षांनी, २०१३ साली, याच परंपरेतील प्रिया मुरजानी आणि सहकाऱ्यांनी या मिश्रणाचा काळ मोजला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात हे मिश्रण सर्वदूर होत होते. भिल्लांसारख्या वनात राहणाऱ्या गटांतही त्याच्या खुणा स्पष्ट दिसल्या. म्हणजे डोंगर आणि गाव, वन आणि नगर यांच्यामध्ये त्या काळी अभेद्य भिंत नव्हती.

आता महाराष्ट्राकडे यावे. पुणे आणि टोरांटो येथील संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातील सहा समाजांच्या जनुकांचा अभ्यास करून २०२० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. देशस्थ ब्राह्मण आणि कुणबी मराठा हे दोन जातिसमाज आणि कोकणा, वारली, भिल्ल, पावरा या चार जमाती त्यात होत्या. भिल्ल व पावरा यांचे परस्परांशी निकटचे नाते दिसले, वारली व कोकणा यांचेही काही अंशी दिसले. चारही जमातींत या उपखंडातील सर्वांत जुन्या लोकसमूहाचा वाटा फार मोठा आढळला. कुणबी मराठ्यांत तो त्याहून कमी आणि देशस्थांत इराणी व गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा वाटा कुणबी मराठ्यांपेक्षा अधिक, असा क्रम निघाला. पण या चारही जमाती आर्यकुलातील भाषा बोलतात आणि त्यांच्यातही त्या पशुपालकांचा अंश आहे. द्राविडी भाषा बोलणाऱ्या जमातींपेक्षा तो अधिकच आहे.

एका कुटुंबाच्या भाषेत सांगायचे, तर ही एकाच घराण्याची थोरली आणि धाकटी पाती आहे. घराण्याचा सर्वांत जुना वारसा ज्यांच्या अंगी सर्वाधिक आहे ती थोरली पाती डोंगरउतारावर झोपडी बांधून राहते, आणि नंतर वाढलेली धाकटी पाती वाड्यात राहून तिला ‘परकी’ म्हणते किंवा तिच्यावर उपकार करीत असल्याचा आव आणते. जनुकशास्त्राने या नात्याचा कागद पुढे केला आहे. वाटणी मात्र अजून झालेली नाही.

अर्धे सत्य कोणाचेच हित करीत नाही

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी हरियाणातील राखीगढी येथे सापडलेल्या हडप्पाकालीन स्त्रीच्या अवशेषांतून डीएनए मिळवला. तिच्यात गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश मिळाला नाही. तिच्यातील इराणशी संबंधित वारसा शेतीच्या उदयापूर्वीच इराणातील लोकांपासून विभक्त झालेला होता. हडप्पाची संस्कृती पश्चिमेकडून आलेल्या शेतकऱ्यांनी येथे आणून बसवली, या समजाला त्यामुळे धक्का बसला. या देशातील बहुसंख्य लोकांच्या पूर्वजांत हडप्पाच्या लोकांचा मोठा वाटा आहे, हेही त्यातून पुढे आले. याचा आनंद अनेकांनी व्यक्त केला आणि तो स्वाभाविक होता.

परंतु त्याच सुमारास ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवर आधारलेल्या निबंधात इसवी सनापूर्वी २००० ते १५०० या काळात मध्य आशियातील गवताळ प्रदेशातून पशुपालक लोकसमूहांचा प्रवाह भारतात आल्याचे दिसून आले. या दोन्ही निबंधांचे अनेक लेखक समान आहेत. एक निबंध डोक्यावर घ्यावा आणि दुसरा दृष्टीआड करावा, हे विद्येशी प्रामाणिक राहणे नव्हे. सत्याची उपासना करणाऱ्या परंपरेला ते शोभणारेही नाही.

तसे पाहिले तर या दुसऱ्या निबंधाने भिण्याचे कारणच काय? जे आले ते मिसळले, आणि इतके मिसळले की आज त्यांना वेगळे काढून दाखवता येत नाही. वारल्याच्या रक्तात त्यांचा अंश आहे, देशस्थाच्या रक्तात या भूमीचा सर्वांत जुना अंश आहे. ‘मूलनिवासी विरुद्ध परकीय’ असे राजकारण उभे करणाऱ्यांची अडचण हीच आहे की, रेषा ओढायला जागा उरलेली नाही. ती ओढायची तर एकाच माणसाच्या शरीरातून ओढावी लागेल. मेळघाटातील कोरकूंचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांची भाषा मुंडा कुलातील. या कुलातील भाषा बोलणाऱ्यांच्या पितृवंशात आग्नेय आशियाकडून आलेल्या पूर्वजांच्या खुणा मिळतात. म्हणजे ज्यांना आपण निःशंकपणे आदिवासी म्हणतो, त्यांच्यातही आलेले आणि आधीचे असे दोन्ही आहेत. कोणाच्या पूर्वजांनी कोणत्या शतकात पाय ठेवला, यावर देशाचे वारसदार ठरत नसतात.

किनाऱ्यावर आलेले चौदा

रायगडच्या किनाऱ्याला तर हे सांगण्याची गरजच पडू नये. अलिबागजवळच्या नवगाव येथे बेने इस्रायल समाजाच्या पूर्वजांचे स्मारक आहे. गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया अशी चौदा माणसे या किनाऱ्याला लागली आणि त्यांचा वंश कोकणात वाढला, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा आहे. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनिवार तेली’ झाले. गावांवरून रोहेकर, पेणकर, चेऊलकर, किहीमकर झाले. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांनी त्यांच्या श्रद्धेला आधार दिला. त्यांच्यात मध्यपूर्वेतील यहुदी वारसा खरोखरच आहे, आणि तितकाच खरा भारतीय वारसाही आहे. यहुदी अंश अधिककरून पुरुषांकडून आणि भारतीय अंश अधिककरून स्त्रियांकडून आलेला. हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले, असा हिशेब निघाला. म्हणजे कोकणच्या लेकी त्यांच्या आज्या-पणज्या आहेत.

चौदा या संख्येचा योगायोगही विचार करण्यासारखा आहे. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या चौदा देहांना परशुरामाने सजीव केले, ही चित्पावनांच्या उत्पत्तीची कथा सर्वश्रुत आहे. पेशव्यांचे श्रीवर्धन याच किनाऱ्यावर आहे. ज्यांनी पुढे अटकेपर्यंतच्या मोहिमांचे नेतृत्व केले त्या समाजाची उत्पत्तिकथाही समुद्राकडे बोट दाखवते.

मुरूडच्या सिद्दींची कथा आणखी वेगळी. जंजिऱ्याचा सिद्दी हा स्वराज्याचा कडवा शत्रू होता, हा इतिहास आहे आणि तो विसरण्याचे कारण नाही. परंतु इतिहासातील सत्ताधीश आणि आजचा सामान्य सिद्दी यांत फरक केला पाहिजे. गुजरात व कर्नाटकातील सिद्दींच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचे नाते आफ्रिकेतील बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांशी असल्याचे आणि गेल्या सुमारे दोनशे वर्षांत ते येथील लोकांत मिसळल्याचे दिसले. कर्नाटकातील सिद्दींना तर अनुसूचित जमातीचा दर्जा आहे आणि त्यांच्यात हिंदूही आहेत, मुसलमानही आणि ख्रिस्तीही.

एकाच किनाऱ्यावर कोणी तीन हजार वर्षांपूर्वी मिसळले, कोणी हजार वर्षांपूर्वी, कोणी दोनशे. भरती-ओहोटीच्या या भूमीत कोणाचेच रक्त खडकासारखे एकजिनसी नाही. तेव्हा नाग्या कातकऱ्याचा वंश आणि त्याच्या शेजारी पडलेल्या पाटलाचा वंश वेगळा, असे म्हणणाऱ्याने आधी स्वतःचा वंश तपासून पाहावा.

भिंत कोणी बांधली?

मग जे समाज इतके मिसळलेले होते, ते आज इतके वेगळे का? याचे उत्तरही त्याच संशोधनात आहे, आणि तेच खरे अवघड आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीनंतर मिश्रण थांबू लागले. ज्याने त्याने आपापल्या गटातच लग्न करण्याची पद्धत घट्ट झाली. परक्या आक्रमकाने तलवारीच्या बळावर आपल्याला तोडले, असे येथे म्हणता येत नाही. गझनीच्या आणि पोर्तुगिजांच्या कितीतरी शतके आधी ही भिंत आपल्याच हातांनी उभी राहिली होती.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या वास्तव्यात हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात स्वदेशी बेड्या दाखवून दिल्या, त्यांतील शेवटची बेटीबंदी. वेदोक्तबंदी, व्यवसायबंदी, स्पर्शबंदी, सिंधुबंदी, शुद्धिबंदी, रोटीबंदी या सहा बेड्या कमीअधिक तुटल्या. सातवी शाबूत आहे. प्रयोगशाळेतील यंत्राने ज्या भिंतीचे वय मोजले ती हीच. या भिंतीच्या आत पुन्हा भिंती आहेत. कातकऱ्यांतही सोन कातकरी आणि ढोर कातकरी असे भेद, आणि त्यांच्यात पूर्वी रोटीबेटी व्यवहार नसे. ठाकरांनी कातकऱ्यांना खालचे मानावे, कातकऱ्यांनी कोणाला तरी मानावे, अशी ही उतरंड आहे. उतरंडीतल्या प्रत्येक मडक्याला खालच्याचे ओझे कळत नाही, वरच्याचे मात्र कळते.

या भिंतीची किंमत शरीर मोजत असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ गट तपासले गेले. त्यांतील ८१ गटांचा उगम इतक्या थोड्या पूर्वजांपासून झालेला आणि त्यानंतरचा त्यांचा विवाहव्यवहार इतका बंदिस्त की, या बाबतीत जगप्रसिद्ध असलेल्या फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्कनाझी यहुद्यांपेक्षाही त्यांची स्थिती तीव्र आहे. अशा गटात एखादा दोष लपून राहिला, तर तो पती आणि पत्नी दोघांकडून मुलात येण्याची शक्यता वाढते. हे केवळ वनवासींपुरते नाही. आंध्रातील वैश्य समाजात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका औषधाचा शरीरात निचरा होण्यास लागणारे विकर कमी असण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि शस्त्रक्रियेपूर्वी तेथील डॉक्टर त्याची चौकशी करतात. महाराष्ट्रातील २०२० च्या अभ्यासातही जमातींची विवाहयोग्य लोकसंख्या पिढ्यानपिढ्या जातींपेक्षा पुष्कळ लहान राहिल्याचे आणि त्याचा परिणाम त्यांच्या जनुकांवर खोलवर झाल्याचे दिसले.

सिकलसेल हे याचे सर्वपरिचित उदाहरण. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या भागांत तो मोठ्या प्रमाणावर आहे आणि पूर्व विदर्भात जमातींच्या बाहेरील समाजांतही आहे. त्याचे एकच जनुक असेल, तर माणूस वाहक असतो आणि घातक मलेरियापासून त्याला काही संरक्षण मिळते. म्हणूनच रानाच्या प्रदेशात हे जनुक टिकून राहिले. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट थोर आहे. पण बोट टोचून थेंब घेणे सोपे असते. हाती आलेल्या कार्डावरचा रंग काय सांगतो, हे त्या तरुण-तरुणीला त्यांच्या बोलीत समजावणे आणि आजारी निघालेल्या मुलाला औषध अखंड मिळत राहील याची काळजी वाहणे, हे खरे काम आहे. ते सरकारी खात्याच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही. तेथे कार्यकर्ता लागतो.

रक्त घेतले, काय दिले?

जनुकांच्या अभ्यासासाठी रक्त वनवासी पाड्यांवरून आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांत अशा समाजांची संमती आणि संशोधनाच्या लाभात त्यांचा वाटा यांचा विचार आहे. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. त्यात ८३ समाजगट आहेत आणि त्यांपैकी ३० जमाती आहेत. देशाच्या भावी औषधविद्येचा पाया घालण्यात जमातींचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे, असे त्यावरून म्हणता येईल. ज्यांच्या रक्तावर विद्या उभी राहिली, त्यांच्या दारी त्या विद्येचे फळ आधी पोहोचावे, इतकी अपेक्षा तरी न्याय्य आहे.

पण दार कोठे आहे? रायगडमधील कातकरी हा महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या इतर दोन. २०११ च्या जनगणनेत राज्यातील कातकऱ्यांची संख्या अडीच लाखांहून अधिक होती. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. जंगल गेले, कात गेला. दिवाळीनंतर घरदार बंद करून वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे, हे अनेक कुटुंबांचे वर्ष झाले. मुलाची शाळा त्यात बुडते. परत आल्यावर जी झोपडी असते, तिच्या खालची जमीन पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर असते. पूर्वी मालकाला राबणारे हात जवळ हवे होते, म्हणून त्याने वाडी बसू दिली. आज त्याला त्या हातांची गरज नाही आणि जमिनीचा भाव वाढला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि मुंबई उरण-पनवेलच्या अंगणात आली. विकास झालाच पाहिजे. परंतु सातबारा विकला जाताना त्यावर पिढ्यानपिढ्या नांदलेली वाडी कोणाच्या हिशेबात आहे?

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी, भगवान बिरसा मुंडा यांच्या जयंतीदिनी, अशा ७५ जमातींसाठी प्रधानमंत्री जनमन अभियानाचा प्रारंभ झाला. त्यात पक्के घर आहे, रस्ता आहे, पाणी आहे. पण ज्याच्या पायाखालची जमीनच त्याच्या नावावर नाही, त्याला घरकुल बांधून द्यायचे कोठे? वाडीच्या जागेला गावठाणाचा दर्जा मिळवून देणे, जातीचा दाखला आणि आधारपत्र हातात पडेपर्यंत तहसील कचेरीत खेटे घालणे, वीटभट्टीवर गेलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणे, हे काम भाषणाने होत नाही. ते करणारे सेवाव्रती या जिल्ह्यात आहेत, पण त्यांची संख्या वाड्यांच्या संख्येपुढे फारच थोडी आहे.

एक गोष्ट येथे निसंदिग्धपणे नोंदवली पाहिजे. कातकऱ्याचा हक्क त्याच्या जनुकांवर अवलंबून नाही. उद्या एखाद्या संशोधनात तो शंभर टक्के वेगळा निघाला असता, तरी जमीन, शाळा आणि सन्मान यांवरचा त्याचा अधिकार रेसभर कमी झाला नसता. राज्यघटनेने अनुसूचित जमातींना दिलेले संरक्षण रक्तचाचणीवर दिलेले नाही, शतकांच्या उपेक्षेकडे पाहून दिले आहे. ‘सगळे एकाच रक्ताचे, मग वेगळ्या सवलती कशाला?’ असा सूर या संशोधनाचा आधार घेऊन कोणी काढील, तर तो नात्याचा अपमान होय. थोरल्या भावाचा वाटा बुडवणारा धाकटा भाऊच नेमका म्हणत असतो की, आपण तर एकच आहोत, वाटणी कशाला!

कातकऱ्यांची एक जुनी समजूत एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरांनी नोंदवून ठेवली आहे. रामाबरोबर लंकेच्या स्वारीला गेलेल्या वानरसेनेचे आपण वंशज, असे ते मानीत. ही आठवण सांगताना शहरातील श्रोत्याचा ऊर भरून येतो. परंतु सेतू बांधणाऱ्यांचे वंशज सेतूच्या सावलीत बेघर असतील, तर त्या भरून आलेल्या उराचा उपयोग काय? वनवासी म्हणावे की आदिवासी, यावर सभांमधून वाद घालणे सोपे आहे. कातकऱ्याच्या पोराला आपल्या मुलाच्या बाकावर बसवणे त्याहून अवघड, पंगतीत शेजारी बसवणे आणखी अवघड, आणि आपल्या घरातील एखाद्या मुलीने किंवा मुलाने त्या समाजातील जोडीदार निवडला तर अक्षता टाकायला आनंदाने उभे राहणे सर्वांत अवघड. समरसता हा शब्द या शेवटच्या पायरीवर तपासला जातो.

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ओंजळीत घेतले, ते याच जिल्ह्यात. पाण्याची बंदी त्या दिवशी मोडली गेली, ती मोडणाऱ्यांना मार खावा लागला आणि पुढे दहा वर्षे न्यायालयात झगडावे लागले. बेटीबंदी मोडायला कोणी मार खाण्याची गरज नाही. प्रत्येक घराने आपल्याच मनाशी केलेला एक निश्चय पुरेसा आहे. एकोणीस शतकांपूर्वी जे पूर्वज सहजपणे करीत होते, तेच पुन्हा करायचे आहे.

दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरला हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. आठ नावे वाचली जातात आणि त्यांत नाग्या महादू कातकरी हे नावही येते. ते नाव उच्चारणाऱ्या प्रत्येकाने परत जाताना वाटेतील एखाद्या कातकरवाडीवर पाच मिनिटे थांबावे आणि विचारावे की, ही जागा कोणाच्या नावावर आहे. नाते सिद्ध करण्यासाठी त्यानंतर कोणत्याही प्रयोगशाळेची गरज पडणार नाही.